पंपांची खंडेनवमी

आमच्या कुंभकोणम् गावचा मुलगा परगावी मुलगी बघायला गेला, की मुलीचा बाप त्याच्या तोंडाकडे नंतर बघतो, आधी पायांकडे बघतो. पाय धुवायला तांब्या पुढे करायचा आणि धोतर जरा वर झालं की नजर टाकून घ्यायची, ही इकडची जुनी रीत. त्यात रागावण्यासारखं काही नाही. हत्तीपायाचा रोग आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला आहे. माझ्याच घरात माझी थोरली बहीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते, तिचा डावा पाय गुडघ्याखाली खांबासारखा झालेला आहे. "देवळातले खांब बघायला लोक आगगाडीने येतात," ती म्हणते, "माझा घरबसल्या फुकट."

मी या रोगाविरुद्धच्या सरकारी योजनेत भांडारपाल आहे. सामान घ्यायचं, मोजायचं, द्यायचं, परत घ्यायचं आणि पुन्हा मोजायचं. दिवाळी अंकात लिहावं असं यात काय आहे, असं मी संपादकांना कळवलं होतं. त्यांनी लिहाच म्हटलं. आमचे पूर्वज भोसले राजांच्या मागून तंजावरला आले आणि इथेच राहिले, त्यामुळे माझी मराठी जुन्या पेटीतल्या पागोट्यासारखी आहे. पुण्याचे एक पाहुणे माझं बोलणं ऐकून म्हणाले होते, "राव, तुम्ही बखरीतून बोलता." तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी धंदा सांगतो. हा रोग पसरवणारा डास घाण पाण्यात वाढतो. गटार, शोषखड्डा, परसातलं तुंबलेलं डबकं ही त्याची माहेरं. त्याची अळी पाण्यात डोकं खाली, शेपूट वर करून लोंबते आणि शेपटीतल्या नळीने हवा घेते. पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा पसरला की नळी बंद होते आणि अळी गुदमरते. एवढंच. पण हे दर आठवड्याला करावं लागतं, कारण आठवड्याभरात अळीचा डास होऊन उडून जातो. एक आठवडा चुकला की मागची मेहनत पाण्यात. आणि काम झालं की नाही हे बघायचं तर लांब दांड्याच्या पांढऱ्या पळीत डबक्यातलं पाणी घ्यायचं आणि अळ्या मोजायच्या. मला या कामात हेच सर्वांत आवडतं. अळी खोटं बोलत नाही.

माणसं मात्र नाना तऱ्हेची भेटतात. एका वकिलांनी, शोषखड्ड्यात तेल टाकल्याने खड्ड्यावर सरकारचा हक्क निर्माण होत नाही असं लेखी मागितलं. तो खड्डा सरकारला फुकट दिला तरी सरकार पळून गेलं असतं. देवळामागच्या गल्लीतल्या वाध्यारांनी, म्हणजे आमच्याकडच्या भटजींनी, दारात आडवे हात धरले.

"रायर, ही जीवहत्या आहे." आम्हा मराठी लोकांना इकडे रायर म्हणतात.

"वाध्यार, तुमच्या अंगावर डास बसला तर काय करता?"

"मारतो. ते आत्मसंरक्षण."

"हे आगाऊ आत्मसंरक्षण."

त्यांनी डोळे मिटून थोडा विचार केला. "बरं. पण एकादशीला नको." त्या गल्लीचा वार मंगळवार ठरला, आणि मंगळवारी एकादशी आली की त्यांचा खड्डा बुधवारी.

आता मुख्य गोष्ट. योजनेला परदेशातून मदत आली होती. पोंगलनंतर, म्हणजे तुमच्या संक्रांतीनंतर, थोड्याच दिवसांत मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून चौदा पंप आले. पाठीवर बांधायचे, हाताने हवा भरायचे, हिरव्या रंगाचे, इतके देखणे की पहिल्या दिवशी लोक नुसते बघायला आले. प्रत्येक पंपावर पत्र्याची पट्टी: अमुक लोकांकडून भेट. भेट म्हटलं तरी कागद वाचल्यावर कळलं, की पंप वापरायचे आम्ही, पण ते आमचे नाहीत. त्यांना रंग द्यायचा नाही. उघडायचे नाहीत. भाग मोडला तर तो मद्रासला पाठवायचा, तिथून तो समुद्रापार जाणार, आणि नवा भाग यायची वाट बघायची. नियम पाळणारा माणूस म्हणून मला नेमलेलं, आणि मी नियम पाळले. त्याचा परिणाम असा, की नवरात्रापर्यंत चौदांतले नऊ पंप भांडारात ओळीने बसले. आमच्या तेलाने त्यांच्या आतलं रबर फुगायचं, फवाऱ्याचं तोंड तुंबायचं आणि मग पंप नुसता सुस्कारे टाकायचा. भाग समुद्रापार गेले होते. परतीची खबर नव्हती.

आमचा फिटर मारिमुत्तु. उंच, मिशाळ, आणि गप्प बसणं ज्याला शिक्षा वाटते असा. त्याच्या तोंडी एक भाषा मी टिपून ठेवली होती. बादली गळली, की तो म्हणायचा, "आमची बादली गळतेय," आणि लगेच डांबर घेऊन बसायचा. पंप बंद पडला, की, "रायरे, त्यांचा पंप मोडला," आणि विडी पेटवायचा.

तुमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पूजतात. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येकजण आपापली हत्यारं पूजतो. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, मोटारवाल्याची मोटार, लिहिणाऱ्याची दौत-लेखणी. धुऊन पुसून, चंदन-कुंकू लावून, मोगऱ्याची माळ घालून सरस्वतीपुढे मांडायची. पुढे चुरमुरे, गूळ आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली कडधान्याची उसळ. मग त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. लिहायचं नाही, वाचायचंही नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, मुहूर्तावर हत्यार उचलायचं.

त्या वर्षी भांडारात मारिमुत्तुने पूजा मांडली. नट आवळायचे पाने, हातोडे, माझा तराजू, माझी लेखणी, अळ्यांची पळी, खोकी फोडायची पहार, सगळ्यांना चंदन. पंप मात्र कोपऱ्यात कोरडे.

"अरे, पंप राहिले," मी म्हटलं.

"राहिले नाहीत. ठेवले."

"का?"

"रायरे, शेजाऱ्याची बायको आपल्या घरी पाणी भरायला आली, म्हणून तिला आपण मंगळसूत्र बांधतो का?"

घरी येऊन मी हे अक्काला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती पायाला तेल चोळत होती. आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, "बरोबर अहे त्याचं. मागून आणलेला दागिना कोण चिंच लावून घासतं, सेतू? घालायचा आणि परत द्यायचा."

मी देवाला कामकाजात ओढणारा माणूस नाही. पण आकडा आकडाच असतो. भांडारातली पूजा झालेली प्रत्येक वस्तू चालू होती. पूजा न झालेल्या बहुतेक बंद होत्या.

त्यानंतर मद्रासहून कळलं, की मदतीची मुदत पुढच्या वर्षी संपते. परदेशी तज्ज्ञ येऊन बघणार. काम स्वतःच्या बळावर चालण्यासारखं दिसलं तर पंप कायमचे आम्हाला. नाहीतर खोक्यांत भरून दुसऱ्या प्रांतात. आमचे डॉक्टर सुंदरम् सज्जन आणि घाबरट गृहस्थ. त्यांनी मला आणि मारिमुत्तुला बोलावलं.

"रायर, पंप बंद दिसले तर ते नेतील."

"उघडले तर नियम मोडेल."

डॉक्टरांनी छताकडे बघितलं. हे त्यांचं आज्ञा देण्याचं आसन. "मी छताकडे बघत असताना माझ्या खोलीत काय बोललं जातं ते मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

मारिमुत्तुला ऐकू आलं. त्याने त्याच दुपारी एक पंप टोपलीत घालून भांड्यांच्या गल्लीत नेला. कुंभकोणम्‌ची पितळी भांडी सगळ्या दक्षिणेत जातात. ज्या कारागिराने जन्मभर तांब्याचे काठ वळवले, त्याला पंपाचं तोंड घडवणं म्हणजे सुटीचा दिवस. रबराऐवजी चामड्याची वाटी, शेंगतेलात मुरवलेली. तिला आमचं तेल मानवलं. पहिलं तोंड फवारा सरळ न टाकता गोल टाकू लागलं आणि मारिमुत्तु डोक्यापासून पायापर्यंत तेलाने न्हाला. "दिवाळी लवकर आली," म्हणून भांडेवाले हसले. दुसरं जमलं. उन्हाळ्यापर्यंत चौदाच्या चौदा पंप चालू झाले, आणि गावातल्या पळीत अळ्या कमी येऊ लागल्या. मी रोज ठरवत होतो की नियमभंगाबद्दल वर कळवावं, आणि रोज दुसरं काम निघत होतं.

पुन्हा नवरात्र आलं. खंडेनवमीच्या सकाळी मी भांडारात गेलो आणि दारातच थबकलो. चौदा पंप केळीच्या पानांवर ओळीने बसले होते. चंदनाचे पट्टे, कुंकवाचे टिळे, गळ्यात मोगरा. मारिमुत्तु नव्या धोतरात कोहळा ओवाळत होता. त्याने पंपांच्या पत्र्यांवर इतकं चंदन थापलं होतं की भेट कोणाकडून, हे दिसेना.

"या वर्षी मंगळसूत्र?" मी विचारलं.

"रायरे, या वर्षी नांदतात." त्याने कोहळा दारात आपटला.

कोहळ्याचे तुकडे अजून रस्त्यावर होते, तेवढ्यात तारवाला आला. तार डॉक्टरांच्या हातात, डॉक्टर खुर्चीत. परदेशी तज्ज्ञ आज दुपारच्या गाडीने येत होता. आमच्याकडे आज काय आहे, हे तार करणाऱ्याला ठाऊक नसावं.

"मारिमुत्तु," डॉक्टर म्हणाले, "एकच पंप. पाच मिनिटं."

"डॉक्टर अय्या, हत्यार झोपलंय."

"उठव."

"तुमच्या घरी नवमीला पुस्तक उघडतात?"

डॉक्टरांच्या घरी त्या दिवशी औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा वाचत नसत. ते छताकडे बघू लागले, पण या वेळी छताने काही सुचवलं नाही.

दुपारच्या गाडीने तज्ज्ञ लुंडसाहेब आले. लालबुंद, भले उंच, आणि सगळं खिशातल्या वहीत टिपून घेणारे. मला पाहताच आवडले. मला स्वतःला तसंच जगायला आवडतं. भांडाराच्या दारात त्यांनी चपला-बुटांचा ढीग बघितला, बूट काढले आणि आत येऊन माळा घातलेल्या पंपांसमोर उभे राहिले.

"ही यंत्रं वापरात आहेत?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

"आहेत, साहेब."

"मग चालवून दाखवा."

"आज नाही, साहेब. आज त्यांची पूजा आहे."

"उद्या?"

"उद्या मुहूर्तावर."

साहेबांनी वही काढली, फाउंटन पेन काढलं, टोपण उघडलं. मारिमुत्तुचा चेहरा असा झाला की जणू कोणी देवळात कोंबडी कापायला घेतली आहे. "रायरे! सरस्वतीसमोर? आजच्या दिवशी? सांगा त्यांना!"

मी सांगितलं. आज आमच्याकडे कोणी लिहीत नाही, माझी लेखणीसुद्धा तिथे आहे, ती बघा. पाहुण्यांना बंधन नाही, हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. साहेबांनी माझ्या लेखणीकडे बघितलं, पंपांकडे बघितलं, मारिमुत्तुच्या मिशांकडे बघितलं.

"हे माझंही हत्यार आहे," ते म्हणाले, आणि पेन पुढे केलं.

मारिमुत्तुने ते दोन्ही हातांनी घेतलं. चंदन लावलं, कुंकू लावलं, मोगऱ्याचं एक फूल टोपणात खोचलं आणि चौदाव्या पंपाशेजारी पानावर ठेवलं. डॉक्टरांनी माझ्या कानात विचारलं, "आता हे अहवाल कशाने लिहिणार?"

"उद्या लिहितील. आज त्यांना सुंडल द्या."

त्या दिवशी लुंडसाहेबांनी किती सुंडल खाल्लं ते मी मोजलं नाही. त्या दिवशी मोजायचंही नाही, असा अक्काचा नियम आहे, आणि हाताची बोटं आवरता आवरता माझा जीव जातो. भांडेवाल्यांकडे हरभरा, डॉक्टरांकडे मूग, आमच्याकडे चवळी. अक्काने त्यांना पाटावर बसवलं, स्वतः वाढलं आणि मला म्हणाली, "साहेबाला विचार, माझा पाय त्या पंपाने बारीक होईल का?"

मी विचारलं. साहेबांनी जेवणाचा हात थांबवला आणि सरळ सांगितलं, "नाही. झालेली सूज जात नाही. पुढच्यांना होणार नाही, एवढंच."

मी मराठीत सांगितलं. अक्का म्हणाली, "खरं बोलतो. वाढते त्याला अजून." मग वाढता वाढताच, "पण विचार त्याला, तो पंप घेऊन गेला तर पुढच्यांचं काय?" हे मात्र मी विचारलं नाही. ताटावर बसलेल्या पाहुण्याला असं विचारू नये.

विजयादशमीला वाध्यारांनी मुहूर्त काढून दिला आणि वर आपला शोषखड्डाही देऊ केला. मारिमुत्तुने पंपाला नमस्कार करून तो पाठीवर घेतला. गल्ली जमली होती. दांडा चार वेळा खालीवर झाला, कळ दाबली, आणि तेलाचा फवारा पंख्यासारखा उघडून खड्डाभर पसरला. वाध्यार साहेबांना तमिळमध्ये ओरडून सांगत होते, "दर मंगळवारी येतात! नाही आले तर मी भांडायला जातो!" ओरडलं की परक्याला समजतं, असा त्यांचा समज आहे. या वेळी बहुधा समजलं.

मग साहेबांनी पंप मागून घेतला आणि उघडला. चामड्याची वाटी बाहेर आली. पितळी तोंड बाहेर आलं. त्यावर भांडेवाल्याने हौसेने एक लहानसं कमळ कोरलं होतं, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.

"हे आमचे भाग नाहीत."

डॉक्टर उघड्यावर उभे होते, तरी छत शोधत होते.

"परवानगी कोणी दिली?"

मारिमुत्तुने मला कोपर मारलं. "काय म्हणतात?"

"परवानगी कोणी दिली, विचारतायत."

"आमच्या पंपाला परवानगी कसली? सांगा त्यांना. पंप आमचा आहे."

आता माझी अडचण बघा. कागदावर पंप आमचा नव्हता. तो कागद माझ्याच कपाटात होता आणि मला तोंडपाठ होता. खोटं सांगणं मला जमत नाही, आणि साहेबांना सगळंच गोलमाल सांगून वेळ मारून न्यायला डॉक्टर डोळ्यांनी विनवत होते. पण एवढ्यात साहेबांनी मारिमुत्तुकडे बोट करून मला विचारलं, तो काय म्हणतो. म्हणून तेच शब्दाला शब्द सांगितलं.

"साहेब, तो म्हणतो, पंप आमचा आहे."

साहेबांनी ते कमळ अंगठ्याने पुसलं. बराच वेळ पुसलं. मग विचारलं, "हा भाग मोडला तर नवा किती दिवसांत मिळतो?"

मी मारिमुत्तुला विचारलं. त्याने भांड्यांच्या गल्लीकडे बोट केलं. "दुपारचं जेवण कोणत्या वेळी करायचं आहे त्यावर."

साहेब प्रथमच हसले. म्हणाले, "मग हे पंप मला दुसरीकडे नेता येणार नाहीत. तिकडे याचे भाग कोणाला करता येणार नाहीत. नियमाप्रमाणे, ज्या यंत्राचे भाग मिळत नाहीत ते यंत्र पाठवायचं नसतं." माझ्याकडे बघून त्यांनी पुन्हा विचारलं, "नियम असाच आहे ना?"

"असाच आहे, साहेब," मी म्हटलं. नियम खरंच असा होता. मी तो इतका पाठ करूनही असा कधी वाचला नव्हता.

पेन त्यांना परत दिलं. चंदन वाळून निबात बसलं होतं, अक्षर उमटेना. मारिमुत्तुने ते गरम पाण्यात धुऊन दिलं आणि, "साहेबांचं हत्यार आहे, जपून," असं डॉक्टरांनाच बजावलं. स्टेशनवर जाताना साहेबांच्या खिशाशी कुंकवाचा डाग होता.

पंप राहिले. पुढे योजनेचं तेलही इथल्याच पैशातून येऊ लागलं, त्याची ओढाताण वेगळी, ती कधी संपणार नाही. हत्तीपाय गावातून गेला असं मी म्हणणार नाही. पळीत अळ्या अजून येतात, आणि अक्काचा पाय साहेबांनी सांगितलं तसा आहे तसाच आहे. नवऱ्यामुलांचे पाय अजून धुवायला लावतात. पण आता पंप बंद पडला, की मारिमुत्तु भांडारात येऊन माझ्यावरच ओरडतो, "रायरे, आमचा पंप मोडला आणि तुम्ही बसलात!"

एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर समुद्रापारचं एक खोकं आलं. त्यात पहिल्या वर्षी मागितलेले रबराचे भाग होते, चकचकीत, कागदात गुंडाळलेले. मारिमुत्तुने एक उचलून नाकाशी धरला, परत ठेवला आणि विचारलं, "रायरे, खोक्याचं लाकूड लागतं का तुम्हाला?"

चांगलं लाकूड होतं. त्याने त्याचा लांब पाट केला. आता खंडेनवमीला चौदा पंप त्या पाटावर बसतात. पाटावर अमुक लोकांकडून भेट अशी मोठी परदेशी अक्षरं आहेत, आणि मारिमुत्तुने पाट ठोकला तेव्हा ती उलटी आली. खंडेनवमीच्या सकाळी डॉक्टरांना ते खटकलं. कोणी वाचलं तर काय म्हणेल, असं त्यांनी मला हळूच विचारलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, आज वाचायचं नसतं."